पान्याचा पाईप आणि आईची साखर: गाडीतली इमर्जन्सी पेटी आपल्यापुरती कशी भरावी

दोन वर्षांपूर्वी जुलैत, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ताम्हिणी घाटात आमच्या गाडीचं मागचं चाक बसलं. गाडीत आम्ही तिघी. मी चालवत होते, शेजारी आई (वय ७१, इन्सुलिनवर) आणि मागे पाच वर्षांची लेक. आईला श्रीवर्धनजवळच्या गावी सोडायला निघालो होतो. पाऊस असा की वायपर थांबवला तर समोरचं बोनेटही दिसेना. मोबाइलची रेंज मुळशी मागे पडल्यावरच गेली होती.

मला तशी काळजी नव्हती, कारण डिकीत लाल रंगाची, चेनवाली 'कार इमर्जन्सी किट' होती. ऑनलाइन मागवलेली, भरपूर स्टार मिळालेली. ती काढायला आधी आईच्या दोन बॅगा आणि मिक्सरचं खोकं भर पावसात रस्त्यावर ठेवावं लागलं. टॉर्चमधले सेल पाझरून हिरवे झालेले. चाकाचा नट काही केल्या हलेना, मी पान्यावर उभी राहिले तरी नाही. तेवढ्यात आई म्हणाली, "मला जरा घाम फुटल्यासारखं होतंय." साखर उतरत होती. आणि डायबिटीसवाल्या माणसाबरोबर प्रवास म्हणून मी मोठ्या शहाणपणानं काय घेतलं होतं? शुगर-फ्री बिस्किटं.

लेकीच्या दप्तरात अर्धा फ्रूटीचा पुडा निघाला, त्यावर आई सावरली. चाकाचं काम एका टेम्पोवाल्या दादांनी केलं. त्यांनी पाना हातात घेतला, हसले, "ताई, पाना लहानय तुमचा," म्हणाले आणि आपल्या गाडीतून दोन-अडीच फुटांचा लोखंडी पाईप आणून पान्याच्या दांड्यावर चढवला. एका झटक्यात नट सुटला.

त्या लाल किटमध्ये पाईप नव्हता, साखरही नव्हती. असणारच कशी? ती कुणासाठीही बनवलेली होती, म्हणजे आमच्यासाठी नव्हती. त्यानंतर मी ती उपसून पेटी नव्यानं भरली. त्यात ज्या चुका केल्या, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय.

## १. खरेदीच्या आधी एक कागद घ्या

त्यावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. पंधरा मिनिटं लागतात आणि निम्मा फालतू खर्च वाचतो.

गाडीत कोण बसतं? नावानिशी लिहा. प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहायची: या माणसाला गाडीत सहा तास अडकून पडावं लागलं तर सगळ्यात आधी काय अडेल? आमच्या कागदावर आईपुढे 'साखर, लघवी, गुडघा' आहे. लेकीपुढे 'भूक, उलटी, अंधार'. माझ्यापुढे 'चष्मा', कारण तो फुटला तर गाडी चालवणारं दुसरं कुणी नसतं. नवरा बरोबर असला तर त्याचा दम्याचा पंप. घरात बाळ असेल, कुणी गरोदर असेल, कुणाला पाळी येत असेल, कुत्रा बरोबर येत असेल, तर प्रत्येकाची ओळ वेगळी.

कोणत्या रस्त्यांवर जाता? वर्षातले नेहमीचे चार-पाच रस्ते लिहा. कोकणात उतरणाऱ्यांना पाऊस, दरड आणि रेंज नसणं या तिन्हींची तयारी लागते. ताम्हिणी काय, वरंध काय, आंबेनळी काय, पावसाळ्यात रस्ता बंद होऊन मागे फिरावं लागणं नवीन नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे पाणी हीच पेटी. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, वेगमर्यादा १२०ची. तिथे टायर आणि झोप हे दोन शत्रू. आणि तुमची गाडी फक्त ठाणे ते अंधेरी जात असेल तर टो दोरीपेक्षा (म्हणजे गाडी ओढायच्या दोरीपेक्षा) पावसाळ्यात काच फोडायची हातोडी महत्त्वाची. ती का, ते पुढे सांगते.

गाडी कोणती? स्टेपनी आहे का, हे आजच डिकी उघडून बघा. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट दिलेलं असेल तर २०२० पासून कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. अनेकांना हे रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर कळतं. काही गाड्यांत स्टेपनी असते पण लहान चाकाची, ८० च्या वर न पळवण्याची सूचना लिहिलेली. सीएनजी असेल तर डिकीत जागा किती उरते आणि स्टेपनी कुठून निघते तेही बघून ठेवा.

## २. पेटी एक नको, तीन जागा करा

मी केलेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळं एकाच बॅगेत भरून डिकीच्या तळाशी ठेवलं. आता आमच्याकडे असं आहे:

हाताशी, म्हणजे सीटबेल्ट न सोडता हात पोचेल तिथे: बेल्ट कापायचं आणि काच फोडायचं साधन, टॉर्च, एक पातळ रेनकोट. अग्निशामक सिलिंडर शेजारच्या सीटखाली पट्ट्यानं घट्ट बांधलेला. सुटा ठेवू नका, ब्रेक दाबला की तो घरंगळत पेडलखाली येतो.

डिकीत, सामानाच्या वर किंवा कडेला: थांबलेल्या गाडीमागे ठेवायचा लाल त्रिकोण, चाकाचं सामान, दोरी, ताडपत्री. प्लास्टिकचा झाकणवाला क्रेट घ्या. चेनवाली बॅग ओल्या हातानं, अंधारात उघडून बघा एकदा, म्हणजे मी असं का म्हणतेय ते कळेल.

माणसांची पिशवी, जी गाडीत राहत नाही. ती घराच्या दाराजवळ टांगलेली असते आणि माणसांबरोबर खाली उतरते. औषधं, खाणं, चष्मा, पॉवर बँक हे सगळं हिच्यात.

ही तिसरी पिशवी वेगळी करायचं कारण ऊन. बाहेर ४० अंश असताना बंद गाडीत तासाभरात ६० च्या आसपास जातं. गोळ्या खराब होतात, इन्सुलिन निकामी होतं. दम्याचा पंप, डिओ, लायटर, पॉवर बँक या वस्तू तापवणं तर धोक्याचंच आहे. 'गाडीत असू दे एक स्ट्रिप' ही आपल्याकडची लाडकी सवय मोडायला हवी.

## ३. चाक

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी फजिती इथेच झाली.

लागणारं सामान: जॅक, पाना, दोन-अडीच फुटांचा पोकळ लोखंडी पाईप, जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी, चाकाला लावायला लाकडाचे दोन गुटके, हातमोजे, गुडघ्याखाली घ्यायला जुनं पोतं, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंप.

पाईप भंगारवाल्याकडे मिळाला. पाना बरोबर घेऊन जा आणि त्याच्या दांड्यावर चढेल असा निवडा. पुणेकरांना नाना पेठेत सगळंच एका फेरीत मिळेल. पाईप नको असेल तर अधिकच्या चिन्हासारखा चार तोंडांचा पाना घ्या. त्यालाही दोन्ही हातांनी जोर लावता येतो. मात्र पाईप फक्त नट सोडवायला. आवळताना वापरलात तर बोल्टचे आटे जातील.

नट एवढे घट्ट का बसतात? टायरच्या दुकानात हवेच्या गननं 'टर्रर्र' करून आवळतात म्हणून. यावर उपाय फुकट आहे. टायर बदलून किंवा चाकं फिरवून घेतलीत की दुकानातून निघण्याआधी आपल्या गाडीतला पाना काढा आणि आपल्या हातानं एक नट सुटतोय का बघा. नाही सुटला तर त्यांना सगळे हातपान्यानं बसवायला सांगा. दुकानदार तोंड वाकडं करतात, करू देत. अलॉय व्हीलला चोरी होऊ नये म्हणून एक वेगळा लॉक-नट असेल तर त्याची चावी कुठे आहे, हेही याच वेळी बघा. ती बहुधा सर्व्हिसिंगनंतर परत जागेवर आलेली नसते.

बदलण्याचा क्रम: सपाट, टणक जागा, हँडब्रेक, गिअर, तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला गुटका. नट आधी ढिले करा, मग जॅक लावा. उलट केलंत तर चाक हवेत गरगर फिरतं आणि गाडी जॅकवरून सरकू शकते. पावसाळ्यात रस्त्याकडेची माती भुसभुशीत असते, फळी तिथे कामाला येते. नट आवळताना एक सोडून एक, समोरासमोरचे. पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा परत बघा.

पंक्चरची पट्टी मारण्याचं किट घ्यायचं असेल तर घ्या, पण टायर जमिनीला टेकतो त्या भागातल्या छिद्रालाच ती चालते. टायरच्या कडेला, बाजूच्या भिंतीला फाटलं असेल तर पट्टी मारून पळवू नका. खिळा बारीक असेल तर तो न उपटता हवा भरत भरत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. माझा हवेचा पंप आतापर्यंत असाच तीनदा उपयोगी पडला.

आणि स्टेपनीत हवा आहे ना? पंपावर चार चाकं तपासतो आपण, पाचवं विसरतो.

## ४. थांबलेली गाडी दिसली पाहिजे

लाल त्रिकोण नव्या गाडीबरोबर येतो आणि बहुतेकांचा तो कंपनीच्या प्लास्टिकमध्येच बंद असतो. बाहेर काढा, उघडून उभा करून बघा. साध्या रस्त्यावर गाडीच्या मागे निदान ५० मीटर, म्हणजे साधारण ७० पावलं. द्रुतगतीवर त्याच्या दुप्पट. घाटात वळणाच्या अलीकडे लावायचा. वळणानंतर लावला तर समोरच्याला गाडी आणि त्रिकोण एकदमच दिसतात.

नारिंगी किंवा पिवळं चमकणारं जॅकेट शंभर-दीडशे रुपयांत मिळतं. काळा रेनकोट घालून रात्री चाक बदलणं म्हणजे स्वतःला अदृश्य करणं. मी त्या रात्री नेमकी काळ्या रेनकोटात होते.

द्रुतगती मार्गावर माणसांना गाडीत किंवा गाडीमागे थांबवू नका. कठड्याच्या पलीकडे न्या.

एक रागही इथेच काढून घेते. त्रिकोण नसला की लोक मागे दगड रचतात आणि काम झालं की दगड तिथेच टाकून निघून जातात. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ते दिसत नाहीत. रचलेत तर उचला.

## ५. पाणी आणि आग

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत काही माणसं बंद गाड्यांत अडकून दगावली. पाण्यात सेंट्रल लॉक आणि काचांची बटणं दगा देऊ शकतात, आणि बाहेरून पाण्याचा दाब असला की दार उघडत नाही. म्हणून हातोडी. ती डिकीत ठेवलीत तर नसल्यासारखीच.

समोरच्या काचेवर मारू नका. ती दोन थरांची चिकटवलेली असते, तडे जातात पण फुटून पडत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायचं, मध्यभागी नाही. काही नव्या, महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही दोन थरांच्या असतात. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं, वाचून घ्या. पाणी चढायला लागलं की आधी काचा खाली करा, मग विचार करा. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी परत चालू करायचा मोह टाळा. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर दुरुस्तीचं बिल बघून पोटात गोळा येतो.

अग्निशामक एक किलोचा, एबीसी पावडरचा, आयएसआय शिक्का असलेला. शोभेचे स्प्रे-डबे नकोत. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघायचं आणि दोन-तीन महिन्यांनी सिलिंडर उलटा करून हलवायचा, नाहीतर पावडर तळाशी घट्ट बसते. बोनेटमधून धूर येत असेल तर बोनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळून भडका उडतो. माणसं आधी बाहेर. सीएनजीवाल्यांनी सिलिंडरचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते दिवसाउजेडी शोधून ठेवा.

## ६. माणसांची पिशवी

आमच्या पिशवीत आईसाठी ग्लुकोज पावडरची पाकिटं आहेत, प्रत्येकी १५ ग्रॅमच्या मी घरीच भरलेल्या पुड्या. साखर उतरली तर डॉक्टर हेच सांगतात: १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन-चार चहाचे चमचे, पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघा, वाढली नसेल तर पुन्हा. चॉकलेट किंवा लाडू यासाठी नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर उशिरा चढते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. तुमच्या घरातल्या पेशंटचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारून पाकिटावर लिहून ठेवा.

इन्सुलिन थंड पिशवीत न्यायचं, पण बर्फाला थेट टेकवायचं नाही. गोठलेलं इन्सुलिन बाद.

बाकी आमचं सामान: प्रत्येकाची दोन दिवसांची औषधं आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो नव्हे, कागद. ओआरएसची पाकिटं (एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्ध्या बाटलीत नाही, आणि ओआरएससारखं दिसणारं गोड पेय वेगळं). जाड गॉज, रोलर बँडेज, चिकटपट्टी, कात्री. तयार किटमधल्या पन्नास छोट्या बँड-एडचा रस्त्यावर फारसा उपयोग होत नाही; रक्त वाहत असेल तर दाबून धरायला स्वच्छ, मोठं कापड लागतं. आमच्याकडे धुतलेल्या जुन्या पंचाच्या घड्या आहेत. उलटीच्या पिशव्या. पॅड्स. माझा जुन्या नंबरचा चष्मा. लेकीसाठी कपड्यांचा जोड आणि एक छोटा हेडटॉर्च. तो डोक्याला लावला की तिची अंधाराची भीती जाते, शिवाय मला उजेड मिळतो.

लघवीचा विषय बोलायला लोक संकोचतात. आठ तासांच्या ट्रॅफिकमध्ये सत्तरी ओलांडलेल्या बाईला काय करायचं हा प्रश्न खरा आहे. झाकणाचं प्लास्टिकचं भांडं आणि आडोशाला जुनी साडी आमच्या क्रेटमध्ये आहे. आईनं आधी नाक मुरडलं होतं, आता तीच निघताना विचारते, "साडी घेतलीस ना?"

खाण्यात फुटाणे, शेंगदाणे, खजूर, खाकरे. गुळाची चिक्की उन्हात पाघळून कागदाला चिकटते, ती पावसाळा-हिवाळ्यातच. पाणी माणशी दोन लिटर तरी, उन्हाळ्यात जास्त, आणि दर प्रवासाला ताजं भरलेलं.

## ७. कागद आणि नंबर

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं पोलिसांना चालतात. पण रेंज नसली तर उघडतील का? प्लास्टिकच्या पाकिटात या प्रती ठेवा:

- आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स
- विम्यात रस्त्यावरची मदत घेतली असेल तर पॉलिसी नंबर आणि त्यांचा फोन
- प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी, घरच्या दोघांचे फोन
- थोडी रोख, सुट्ट्या नोटांत. घाटात यूपीआय चालत नाही, आणि टेम्पोवाल्या दादांना चहापुरतेही द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. त्यांनी घेतले नसते हा भाग वेगळा.

नंबर पाठ असावेत: ११२ सगळ्यासाठी, १०८ रुग्णवाहिका, १०३३ राष्ट्रीय महामार्गांसाठी. मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी हे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे येतात. त्यांची हेल्पलाइन रस्त्यावरच्या फलकांवर असते, निघताना फोटो काढून ठेवा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर जवळ असेल तर ११२ लागू शकतो, म्हणून प्रयत्न करा. फोनवर पहिला प्रश्न 'कुठे आहात?' हाच येतो. कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला की मदत लवकर पोचते.

## ८. काय घेऊ नका

पातळ जम्पर केबल, म्हणजे बसलेली बॅटरी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायच्या तारा. त्या नुसत्या गरम होतात. घ्यायच्याच असतील तर जाड तांब्याच्या घ्या आणि क्रम झाकणावर लिहा: लाल आपल्या बंद बॅटरीच्या प्लसला, लाल दुसऱ्या गाडीच्या प्लसला, काळी तिच्या मायनसला, आणि शेवटची काळी आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही आणि इलेक्ट्रिक गाडी दोरीनं ओढायची नसते. तिला सपाट पाठीचा ट्रकच लागतो. अशांनी दोरीचे पैसे वाचवावेत.

छत्री घाटातल्या वाऱ्यात उलटी होते. बारा हत्यारं एकात असलेला चाकू मुलांना आवडतो, बाकी काही नाही.

माझा सगळा खर्च साडेपाच हजारांच्या आसपास गेला. त्यात हवेचा पंप आणि अग्निशामक हेच मोठे. पाईपचे भंगारवाल्यानं साठ रुपये घेतले.

## ९. एकदा खोटं खोटं अडका

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, घड्याळ लावून. चाक काढा आणि परत लावा, त्रिकोण उभा करा, डोळे मिटून टॉर्च शोधा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं. पहिल्यांदा मला ५२ मिनिटं लागली, वॉचमनकाकांनी खुर्ची टाकून पूर्ण कार्यक्रम पाहिला. तिसऱ्या वेळी २३ वर आले. या तालमीतच कळलं की जॅकचा दांडा कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा आहे आणि आमच्या जॅकमध्ये बसतच नाही.

## १०. वर्षातून दोनदा उपसा

मी दोन दिवस ठरवलेत. एक मृग लागायच्या आधीचा रविवार, म्हणजे जूनचा पहिला आठवडा. दुसरा खंडेनवमी. हत्यारांना हळदकुंकू लावायचंच असतं, त्या निमित्तानं क्रेट आणि माणसांची पिशवी दोन्ही पूर्ण रिकामी होतात: सेल बदलायचे (आणि टॉर्चमध्ये न ठेवता शेजारी पुडीत ठेवायचे), औषधांच्या तारखा, स्टेपनीची हवा, अग्निशामकाचा काटा, लेकीच्या कपड्यांचं माप. तिचा मागच्या जूनमधला जोड दसऱ्याला आखूड झाला होता.

क्रेटच्या झाकणाला आतून यादी चिकटवलीय. काही वापरलं की त्यापुढे पेन्सिलनं फुली करायची. सध्या दोन फुल्या आहेत: ओआरएस, आणि जॅकखालची फळी. ती मागच्या महिन्यात माणगावजवळ चिखलात रुतलेल्या एका रिक्षावाल्याला दिली.